शेंडी : भंडारदऱ्याच्या काठावरचा मुक्काम

भंडारदरा पाहायला निघालेला प्रवासी प्रत्यक्षात उतरतो तो शेंडी गावात. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या मुख्य रांगेच्या अलीकडे, प्रवरा नदीवरील विल्सन धरणाला लागून हे गाव आहे. एसटीचा थांबा, चहा-वडापावच्या टपऱ्या, किराणा, खाणावळी, लॉज आणि गिऱ्हाइकाची वाट पाहणारे जीपवाले हे सारे एका चौकाभोवती दाटलेले असते. चौकातून एक रस्ता घोटीकडे, दुसरा राजूर-अकोल्याकडे आणि तिसरा जलाशयाच्या काठाने डोंगराकडे जातो. राहण्या-जेवण्याची सोय या चौकापासून सुरू होते आणि पाण्याला वळसा घालत मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल या गावांतून पसरत जाते. पर्यटनाच्या पत्रकांत भंडारदरा एकच ठिकाण दिसत असले, तरी प्रवाशाचा चहा, जेवण, अंथरूण आणि वाटाड्या ही सगळी व्यवस्था या छोट्या गावांनी आपापसांत वाटून घेतलेली आहे.

धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये पूर्ण झाले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले आणि आर्थर हिल या अभियंत्याचे नाव जलाशयाला. स्थानिक माणूस मात्र दोन्ही नावे वापरत नाही. तो नुसते ‘धरण’ म्हणतो. सुमारे ८२ मीटर उंच आणि ५०० मीटरहून थोडी अधिक लांब अशी ही दगडी भिंत त्या काळातील देशातल्या उंच धरणांपैकी एक होती. साठा सुमारे ११ टीएमसी. चांगला पाऊस झाला की साधारण स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे धरण भरते, आणि ‘भंडारदरा भरले’ ही बातमी खालच्या तालुक्यांतील वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येते.

ती बातमी खालच्या तालुक्यांत का महत्त्वाची, हे समजल्याशिवाय शेंडीतल्या हॉटेलांचे आणि तंबूंचे कोडे सुटत नाही. धरणातून सुटलेले पाणी प्रवरेच्या पात्रातून निळवंड्याचे धरण ओलांडून संगमनेरखालच्या ओझर बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या शिवारात फिरते. तिथला ऊस, तिथले साखर कारखाने, लोणीजवळ प्रवरानगरला १९५० च्या सुमारास उभी राहिलेली सहकारी साखर कारखानदारी, या सगळ्यामागे हे पाणी आहे. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांची शेती मात्र आजही बहुतांशी पावसाच्या पाण्यावर होते. उतारावर बांध घालून केलेल्या खाचरांत भात, वरकस जमिनीवर नागली आणि वरई, कुठे खुरासणी आणि हुलगे. दिवाळीच्या सुमाराला भात खळ्यावर आला की वर्षाचे मुख्य पीक संपते. जलाशय डोळ्यांसमोर असतो, पण पाणी खाली आणि शेत वर, शिवाय पाण्याचा हिशेब आधीच खालच्या कालव्यांच्या नावावर चढलेला. म्हणून भात निघाल्यावर अनेक कुटुंबे नारायणगावच्या मजूर बाजाराची वाट धरतात आणि जुन्नर-संगमनेरच्या बागायतीत टोमॅटो, कांदा, द्राक्षाच्या कामावर राबतात. गेल्या वीसेक वर्षांत या चक्रात पाहुणा शिरला. पाणी विकता येत नाही, पण पाण्याचे दर्शन विकता येते, हे गावाला उमगले. आज काठावरच्या कितीतरी घरांत पाहुणा हे दुसरे पीक झाले आहे.

मुंबईहून येणारी वाट कसारा घाट चढून इगतपुरी-घोटीला येते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून घाटातली कोंडी टाळता येते, आणि शनिवार-रविवारची गर्दी त्याच प्रमाणात वाढली आहे. मुंबई ते शेंडी अंतर १८० किलोमीटरच्या घरात, पुण्याहूनही जवळपास तितकेच. रेल्वेने येणाऱ्याने इगतपुरीला किंवा कसाऱ्याला उतरावे आणि पुढे एसटी किंवा जीप धरावी.

घोटी हा या वाटेवरचा खरा थांबा. हे भाताच्या गिरण्यांचे गाव. इगतपुरी आणि अकोले तालुक्यांतले भात इथे भरडले जाते, आणि हंगामात गिरण्यांच्या आवारात कोंड्याचे ढीग लागलेले असतात. तांदूळ घ्यायचा असेल तर परतीच्या वाटेवर इथे घ्यावा. पिशवीवरच्या नावापेक्षा दुकानदाराकडून मूठभर तांदूळ हातावर घेऊन वास पाहणे बरे. इंधन आणि रोख पैसे यांची तजवीजही इथेच करून ठेवलेली चांगली, कारण पुढे डोंगरात मोबाईलची रेंज जाते-येते आणि रेंज गेली की ऑनलाइन पैसे भरणेही थांबते. घोटीपासून शेंडी तीस-पस्तीस किलोमीटर. वाटेत डाव्या-उजव्या हाताला खाचरे आणि समोर कळसूबाईची रांग.

शेंडीच्या अलीकडे बारी हे गाव लागते. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, चढायला बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात. त्यामुळे बारीत खाण्या-राहण्याचे वेगळेच वेळापत्रक तयार झाले आहे. मुंबई-पुण्याचे गट मध्यरात्री उतरतात, कुणाच्या तरी पडवीत चार तास पाठ टेकतात, पहाटे चहा-पोहे खाऊन निघतात आणि दुपारी बाराच्या सुमाराला उतरून पिठलं-भाकरीच्या पंगतीला बसतात. अनेक घरांनी पुढची खोली आणि ओटा याच कामासाठी मोकळा ठेवला आहे. चढाच्या वाटेवर लोखंडी शिड्यांच्या आगेमागे ताक, लिंबू सरबत, भजी आणि उकडलेल्या शेंगा विकणारे बसतात. त्यांचे पाण्याचे हंडे आणि गॅसच्या टाक्या डोक्या-खांद्यावरून वर गेलेल्या असतात, म्हणून वरच्या चहाचा भाव खालच्यापेक्षा जास्त असतो. त्यावर घासाघीस करणारे पर्यटक दिसतात, ही काही शोभेची गोष्ट नव्हे. नवरात्रात शिखरावरच्या देवीच्या दर्शनाला आसपासच्या गावांची रीघ लागते. त्या दिवसांत नुसत्या गिरिभ्रमणासाठी येणाऱ्याने बाजूला राहिलेले बरे.

पुण्याकडून येणारा संगमनेरला नाशिक रस्ता सोडून अकोले आणि राजूरमार्गे शेंडीला पोहोचतो. या वाटेवर राजूर चुकवू नये. आदिवासी पट्ट्याची ही जुनी बाजारपेठ पेढ्यांसाठी प्रसिद्ध आहे.

शेंडीतल्या मुक्कामाचे साधारण चार प्रकार आहेत आणि त्यांत किमतीपेक्षा स्वभावाचा फरक मोठा आहे. सर्वांत जुना प्रकार सरकारी. धरणांच्या कामांबरोबर साहेबांसाठी विश्रामगृहे बांधली जात आणि जागा निवडताना पाणी, वारा आणि देखावा यांचा चांगला विचार केलेला असे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान याच परंपरेतले म्हणता येईल. जलाशयाच्या ऐन काठावर, झाडांच्या आवारात खोल्या आणि कॉटेज आहेत. तलाव समोर दिसणाऱ्या खोल्यांना मागणी सर्वाधिक. शनिवार-रविवारचे आरक्षण आठवडे आधी करावे लागते, सोमवार ते गुरुवार सहज मिळते. महामंडळाच्या सेवेबद्दल लोकांच्या नेहमीच्या तक्रारी इथेही ऐकू येतात, पण जागेच्या बाबतीत त्याच्याशी बरोबरी करणारे खासगी हॉटेल काठावर सापडणे कठीण.

दुसरा प्रकार खासगी रिसॉर्ट आणि लॉज. रिसॉर्टमध्ये पोहण्याचा तलाव, मुलांसाठी खेळ, तीन वेळचे बुफे जेवण असे सारे शहरी आखणीचे असते. म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर ही सोय खरोखर उपयोगाची. फक्त अशा बुफेत पनीर आणि नूडल्स समोर येतात, शेंडीचे जेवण नाही. चौकातले लॉज साधे. रात्री उशिरा पोहोचणाऱ्याला किंवा एसटीने आलेल्याला ते पुरतात.

तिसरा प्रकार तंबूंचा, आणि आज सर्वांत जास्त बोलबाला त्याचाच. मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर आणि पलीकडच्या अंगाला कोलटेंभे-रतनवाडी भागात पावसाळा संपला की काठावर रंगीत तंबूंच्या रांगा उभ्या राहतात. ठरलेला करार असा : संध्याकाळी चहा आणि कांदाभजी, अंधार पडल्यावर शेकोटी आणि कोळशावर भाजलेले कोंबडीचे तुकडे किंवा पनीर-बटाटा, रात्री जेवण, सकाळी पोहे-चहा, माणशी एक दर. जागा बहुतेक वेळा गावातल्या कुटुंबाची असते, तंबूही त्यांचेच किंवा शहरातल्या एखाद्या आयोजकाचे, आणि गिऱ्हाईक आणणारा तिसराच. या तिघांत पैसे कसे वाटले जातात, ते प्रवाशाला दिसत नाही. आयोजकामार्फत भरलेल्या रकमेतला किती भाग जमिनीच्या मालकाकडे पोहोचतो, हा प्रश्न प्रत्येक गावात दबक्या आवाजात विचारला जातो. ज्याला शक्य आहे त्याने थेट गावातल्या माणसाशी बोलून ठरवावे. दरात फारसा फरक पडत नाही, पण पैसे योग्य हातात जातात.

तंबू निवडताना पाहायच्या गोष्टी फोटोत दिसत नाहीत. शौचालय पक्के आहे का आणि त्याचा खड्डा पाण्यापासून किती लांब आहे, हे आधी विचारावे. तंबू पाण्याच्या अगदी कडेला असेल तर थंडीच्या दिवसांत पहाटे आतून दवाने भिजतो. थोडा वरच्या टप्प्यावरचा बरा. डिसेंबर-जानेवारीत पारा चांगलाच उतरतो, तेव्हा जाड पांघरूण मिळणार की नाही हे नक्की करून घ्यावे. शिवाय शनिवारी रात्री एका तळावर गाण्यांचा आवाज चढला की शेजारचे दहा तळ जागे राहतात. शांतता हवी असेल तर दिवस बदलणे हाच उपाय. तळ बदलून फारसा फायदा होत नाही.

चौथा प्रकार घरगुती मुक्कामाचा. साम्रद, रतनवाडी, घाटघर, उडदावणे या गावांत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. कुडाच्या किंवा विटांच्या भिंती, वर कौले किंवा पत्रा, समोर शेणाने सारवलेले अंगण आणि बाजूला गोठा असे घर. पाहुण्याला पडवीत किंवा नव्याने बांधलेल्या खोलीत गाद्या घालून देतात. मालक रतनगडाच्या किंवा सांदण दरीच्या वाटेवर वाटाड्या म्हणूनही येतो, त्यामुळे मुक्काम आणि भटकंती दोन्ही एकाच घरातून ठरतात. तालुक्यातील पुरुषवाडी या गावाने ही पद्धत अधिक शिस्तीने बसवली आहे. ‘ग्रासरूट्स’ या संस्थेच्या साहाय्याने तिथे पाहुण्यांची जेवणे घराघरांत पाळीपाळीने दिली जातात, म्हणजे रस्त्याकाठच्या दोन-चार घरांतच सगळा धंदा अडकत नाही. जलाशयाकाठच्या गावांत अशी पाळी फारशी रुजलेली नाही. ज्याचे घर रस्त्याला लागून, त्याच्या दारात गाड्या थांबतात.

जेवणाच्या बाबतीत शेंडीचा चौक आणि काठावरची घरे यांत मोठे अंतर आहे. चौकात मिसळ, वडापाव, भजी, पुरी-भाजी आणि थाळी. नाशिक जिल्हा शेजारी असल्याने मिसळीला काळ्या मसाल्याचा झणका असतो. काही खाणावळींत जलाशयातला मासा मिळतो. बहुधा रोहू, कटला किंवा चिलापी, क्वचित मरळ. हळद-तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तव्यावर तळलेला तुकडा आणि तांदळाची भाकरी हे चौकातले सर्वांत चांगले जेवण. मासा त्या दिवशीचा आहे का, एवढे विचारून घ्यावे; नसेल तर खाणावळवाले बहुतेक सरळ सांगतात.

गावातल्या घरात जेवायचे तर आधी सांगावे लागते. ‘किती माणसं, भाकरी तांदळाची का नागलीची, गावठी कोंबडी चालेल ना?’ हे तीन प्रश्न फोनवर हटकून येतात. गावठी कोंबडी शिजायला वेळ घेते आणि ती चुलीवर असेल तर दीड तास धरून चालावे. ओले-सुके खोबरे, भाजलेला कांदा, लसूण आणि घरचा मसाला वाटून केलेला रस्सा पातळ असतो, कारण तो भाकरी कुस्करून खाण्यासाठी आणि भातावर ओतण्यासाठी केलेला असतो. शहरातल्या घट्ट ग्रेव्हीची सवय असलेल्याला तो पहिल्या घासाला पाणचट वाटतो, दुसऱ्या वाटीला मत बदलते. शाकाहारी पाहुण्याला पिठलं, वांगे-बटाट्याची भाजी, डाळ, ठेचा आणि कच्चा कांदा. हे साधे ताट बहुतेक घरांत कोंबडीच्या ताटापेक्षा चांगले जमते, हे सांगायला हवे.

या पट्ट्याची खरी ओळख मात्र हुलग्याच्या शेंगोळ्यांत आहे, आणि ते मागितल्याशिवाय मिळत नाहीत. पाहुण्याला हे गरिबाचे जेवण कसे वाढायचे, असा संकोच असतो. हुलग्याच्या पिठात ठेचलेला लसूण, जिरे, तिखट, हळद आणि मीठ घालून पीठ घट्ट मळतात. हाताला तेल लावून त्याच्या करंगळीएवढ्या जाड वळ्या करतात आणि दोन्ही टोके जुळवून कडी वळतात. एकीकडे लसणाच्या फोडणीत पाणी उकळत ठेवलेले असते. आधण खळखळले की शेंगोळे एकेक करून सोडायचे. सगळे एकदम टाकले तर गोळा होतो. परातीला चिकटलेले पीठ थोड्या पाण्यात कालवून तेही त्यातच ओततात, त्याने रस्सा दाट होतो. अर्ध्या तासात शेंगोळे आतपर्यंत शिजतात आणि हुलग्याचा तो मातकट, उष्ण वास घरभर पसरतो. पावसाळ्यात आणि थंडीत खायचा हा पदार्थ. वर कच्चे तेल आणि शेजारी भाकरी. आवणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभे राहून आलेल्या माणसांसाठी एका भांड्यात होणारे हे जेवण आहे.

भाताचेही तसेच, विचारल्याशिवाय खास वाण मिळत नाही. आज बहुतेक खाचरांत इंद्रायणीसारखे अधिक उतारा देणारे वाण आहेत, पण अकोल्याच्या डोंगरपट्ट्यात काळभात, आंबेमोहर, जिरवेल असे जुने वाण काही शेतकऱ्यांनी सोडलेले नाहीत. काळभाताची साळ काळसर, तांदूळ बारीक आणि सुवासिक. याच तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यानंतर जुन्या वाणांकडे पाहण्याची गावातलीही नजर बदलली. यजमानाला ‘घरचा तांदूळ कोणता?’ असे विचारले तर कधी कधी विक्रीसाठी न ठेवलेला एखादा वाण त्या दिवशी ताटात येतो.

रानभाज्या फक्त पावसाळ्याच्या तोंडावर आणि पहिल्या दोन महिन्यांत. कुर्डू, भारंगी, चाई अशा भाज्या घरातल्या बायका रानातून खुडून आणतात. भारंगीचा कडवटपणा घालवायला ती उकडून, पिळून घ्यावी लागते. मे महिन्यात रस्त्याच्या कडेला पोरे पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदे आणि जांभळे घेऊन उभी असतात. मार्च-एप्रिलमध्ये अंगणात काळे, सुरकुतलेले बारीक फळ वाळत घातलेले दिसले तर तो बाळहिरडा. तो खायचा नव्हे, औषधाच्या व्यापारात विकायचा, आणि कोरड्या दिवसांतले ते कुटुंबाचे रोख उत्पन्न असते. त्यावरून गाडी नेऊ नये, एवढे भान ठेवले तरी पुरे.

जलाशयाला पूर्ण वळसा घालणारा रस्ता साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा आहे आणि थांबत थांबत गेले तर एक दिवस सहज जातो. शेंडीतून निघताना पहिला थांबा धरणाच्या पायथ्याचा. भिंतीवर सुरक्षेच्या कारणाने सरसकट सोडत नाहीत. भिंतीच्या मोऱ्यांतून पाणी सोडलेले असेल, तर ते एका गोल खडकावरून छत्रीसारखे पसरून पडते. म्हणून हा ‘अंब्रेला फॉल’. तो निसर्गाच्या मर्जीने चालत नाही, पाटबंधारे खात्याच्या मर्जीने चालतो. तीच गत राजूर रस्त्यावर शेंडीपासून दहा किलोमीटरवर असलेल्या रंधा धबधब्याची. प्रवरा इथे दीडशे फुटांहून अधिक खोल घळीत कोसळते, पण वीजनिर्मितीसाठी पाणी वळवलेले असल्याने धरणातून पुरेसा विसर्ग असेल तेव्हाच धबधबा भरून वाहतो. उन्हाळ्यात तिथे नुसता काळा कातळ आणि घोरपडादेवीचे मंदिर एवढेच दिसते. पावसाळ्यात कठड्यापलीकडे पाऊल टाकण्याचा मोह अनेकांच्या जिवावर बेतला आहे.

उत्तर काठाने मुरशेत-पांजरे-उडदावणे करत घाटघर येते. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कळसूबाई आणि अलंग-मदन-कुलंगची रांग. घाटघर पावसाचे आगर. अहिल्यानगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणून त्याची ख्याती आहे. शेंडीपासून थोड्याशाच अंतरात पावसाचे मान कितीतरी वाढते, आणि अकोले शहराकडे गेले की ते झपाट्याने उतरते. घाटघरला डोंगर एकाएकी तुटतो आणि खाली कोकणातला शहापूर तालुका दिसतो. याच कड्याचा उपयोग करून उभारलेला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला. विजेची मागणी कमी असताना खालच्या जलाशयातले पाणी पंपाने वर चढवायचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करायची, असे त्याचे काम. कड्याच्या टोकावर बसायला जागा आहे, मक्याची कणसे आणि चहा मिळतो. पावसाळ्यात मात्र बहुतेक वेळा समोर फक्त ढग असतात.

घाटघरहून साम्रद. इथली सांदण दरी म्हणजे जमिनीला पडलेली चीर. दोन्ही बाजूंना उभे कातळ, मध्ये काही ठिकाणी जेमतेम माणूस जाईल एवढी वाट, आणि वाटेत कंबरेइतके थंड पाणी. पावसाळ्यात ती बंद असते, आणि ती खरोखर बंद समजावी. अचानक आलेल्या लोंढ्याला तिथे बाजूला व्हायला जागा नाही. नोव्हेंबरनंतर गावातला वाटाड्या घेऊन जावे.

रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर हे या फेरीतले सर्वांत श्रीमंत स्थळ. शिलाहारांच्या काळातले म्हणून ओळखले जाणारे हे शिवमंदिर काळ्या दगडात बांधलेले आहे. शिखरावर खालपासून वरपर्यंत छोट्या शिखरांच्या उतरत्या प्रतिकृतींच्या माळा आहेत, त्यामुळे कळस जवळून पाहिला तर नजर पायरी-पायरीने वर सरकते. मंदिराला पूर्व आणि पश्चिम अशी दोन्ही बाजूंनी दारे आहेत. पश्चिमेचे दार थेट गाभाऱ्याकडे उघडते. भर पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी साठून पिंड बुडते. खांबांवर आणि छताच्या दगडांवर कोरीव काम दाट असले तरी आत उजेड कमी असतो. सकाळी लवकर आले तर पूर्वेकडून येणाऱ्या तिरप्या उन्हात ते नीट उमगते. गावातल्या पुष्करणीच्या भिंतींत कोनाडे आहेत आणि त्यांत विष्णूच्या मूर्ती. फोटो काढून लगेच परतणाऱ्या बहुतेकांना ती पुष्करणी दिसतच नाही. रतनगडाची वाट इथूनच सुरू होते. गडाच्या माथ्यावरचे आरपार छिद्र, म्हणजे नेढे, पाण्याच्या पलीकडूनही ओळखता येते. मंदिराबाहेरच्या टपऱ्यांत चहा-भजी मिळते, आणि मागे असलेल्या घरांत सांगून ठेवले तर जेवणही. परतीचा रस्ता कोलटेंभे, मुतखेल करत शेंडीला पोहोचतो. पावसाळ्यात या भागात रस्त्यालगत इतके धबधबे सुरू असतात की नावे लक्षात ठेवण्यात अर्थ नाही.

यातील बहुतेक भाग १९८६ मध्ये जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. म्हणून वन विभाग नाक्यावर प्रवेशशुल्क घेतो आणि गर्दीच्या दिवसांत वाहनांवर बंधने घालतो. या बंधनांची सर्वाधिक गरज मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत पडते, कारण तो काजव्यांचा हंगाम. वळवाचा एखादा पाऊस झाला, हवा दमट झाली की हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एकाच लयीत उजळतात आणि विझतात. नर मादीला बोलावण्यासाठी हा प्रकाश पाडतो, आणि हे सारे जमून यायला पंधरा-वीस रात्रीच मिळतात. त्यात गाड्यांचे प्रखर दिवे आणि मोबाईलचे टॉर्च आले की इशारे हरवतात. पायाखाली गवत आणि माती तुडवली गेली की पुढच्या वर्षीची अंडी-अळ्याही जातात. ‘काजवा महोत्सव’ या नावाखाली शनिवारी रात्री शेंडी ते घाटघर रस्त्यावर किलोमीटरभर गाड्या अडकतात, हे आता दरवर्षीचे झाले आहे. पाहायचेच असेल तर आठवड्याच्या मधल्या दिवशी मुक्कामाला यावे, गाडी तळावर ठेवून पायी जावे आणि दिवा लावूच नये. पहिला जोरदार पाऊस पडला की हंगाम संपतो, तेव्हा महिनाभर आधी ठरवून आलेल्यांची निराशाही होऊ शकते.

जुलै-ऑगस्टमध्ये तंबू उठतात. उरतात खोल्या आणि घरे. धुके, चिखल आणि न सुकणारे कपडे सोसायची तयारी असेल त्यालाच हा काळ मानवतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरतो, धरण भरलेले असते, बारीच्या उतारांवर सोनकी आणि तेरडा फुलतो, खाचरांत भात पोटरीला येतो. खाणे, राहणे आणि फिरणे तिन्हींच्या दृष्टीने हाच सर्वांत चांगला काळ. हिवाळा तंबूंचा. मार्चनंतर कालव्यांना आवर्तने सुटतात आणि पाणी झपाट्याने मागे सरते. मे महिन्यात काठावरचा तंबू पाण्यापासून कितीतरी दूर, भेगाळलेल्या गाळापलीकडे असतो. याच दिवसांत वरच्या काही वाड्यांतील बायकांना पिण्याच्या पाण्यासाठी विहिरीवर रांग लावावी लागते. तेव्हा मुक्काम केलेल्याने अंघोळीला दोन बादल्या मागू नयेत. पोहायला तर कोणत्याच ऋतूत उतरू नये. काठ अचानक खोल होतो, तळाशी जुनी झाडे आणि गाळ आहे. नावेतून जायचे असेल तर जॅकेट घालूनच बसावे.

शेंडीहून शेवटची एसटी संध्याकाळी लवकर सुटते आणि पावसाळ्यात वेळा पुढेमागे होतात; म्हणून चौकातल्या थांब्यावर सकाळीच चौकशी करून ठेवावी. चुकलीच, तर घोटीकडे किंवा राजूरकडे निघालेली एखादी जीप मिळते, माणसे भरली की ती सुटते.